नाशिकमधल्या डेव्हलपर मीटअपला जाऊन नक्की काय मिळतं?

शून्यापासून_मोजणारा
शुक्रवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी इंदिरानगरला राहतो. कंपनी पुण्यातली. २०२० पासून घरूनच काम करतोय. म्हणजे ऑफिस म्हणजे बेडरूममधलं एक टेबल आणि सहकारी म्हणजे पडद्यावरच्या गोल चकत्या. काल एका मित्राने मेसेज पाठवला: उद्या शनिवारी दुपारी चार वाजता कॉलेज रोडजवळ डेव्हलपर लोकांची बैठक, दोन जणांची भाषणं, प्रवेश फुकट.

माझा पूर्वानुभव वाईट आहे. २०१९ मध्ये असाच एकदा गेलो होतो. पोस्टरवर विषय होता मायक्रोसर्व्हिसेस. प्रत्यक्षात पंधरा मिनिटं मायक्रोसर्व्हिसेस आणि तासभर कुठल्याशा क्लासची फी, हप्ते आणि 'आमचे विद्यार्थी आज कुठे आहेत'. शेवटी सर्टिफिकेट वाटलं. माझं आडनाव त्यावर चुकीचं होतं.

आता प्रश्न असा की चांगल्यातली चांगली भाषणं यूट्यूबवर आहेत आणि ती मी दीडपट वेगाने बघू शकतो. समोर बसलेल्या माणसाला दीडपट वेगाने कसं ऐकणार? शिवाय तीन आठवडे एका रिपोर्टशी झटतोय, आकडे जुळत नाहीत, डोकं पिकलंय. शनिवारची दुपारची झोप घालवून जावं का? बायको म्हणते, "जा रे बाबा, जरा माणसांशी बोल." तिचा हेतू मला पुरेसा स्पष्ट नाही.

---

मिसळखाऊ
शुक्रवार, रात्री ११:२०

खायला काय आहे ते आधी विचारा. मग ठरवा.

---

पोर्ट_८०८०
शुक्रवार, रात्री ११:४१

नका जाऊ.

मी पुण्यात चार वर्षं इमानेइतबारे जायचो. हिशेब सांगतो. दर बैठकीत एक भाषण एखाद्या कंपनीच्या उत्पादनाची जाहिरात. दुसरं भाषण 'ओळख' या पातळीचं. डॉकर या सॉफ्टवेअरची ओळख मी आयुष्यात सात वेळा ऐकली, डॉकरला माझी ओळख एव्हाना झाली असेल. एका महाभागाच्या चाळीस स्लाइड्सपैकी सहा त्याच्या स्वतःबद्दल होत्या, त्यातली एक त्याच्या कुत्र्याची. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: आम्ही हायरिंग करतोय, बाहेर भेटा.

बाहेर भेटलो तर म्हणाले, वेबसाइटवर अर्ज करा.

---

सेमीकोलन
शनिवार, सकाळी ७:५५

कुत्रा कसा होता पण?

---

गोदाकाठची
शनिवार, सकाळी ९:३०

पोर्ट, तुमचं बरंचसं पटलं तरी 'नका जाऊ' हे मला मान्य नाही.

मी नाशिकमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा खोलीत तीसेक माणसं होती. बायका दोन. दुसरी बाई दारात नावं लिहून घेत होती. शेजारच्या गृहस्थांनी मोठ्या आपुलकीने विचारलं, "तुम्ही एचआर का?" मी म्हटलं, नाही, डेटाबेस बघते. ते म्हणाले, "अरे वा." हे 'अरे वा' कसं असतं ते इथल्या बायकांना सांगायला नको.

तरी पुढच्या महिन्यात परत गेले, कारण त्या दिवशीच्या भाषणानंतर एकाने इंडेक्सबद्दल सरळ चुकीचं विधान केलं, मी दुरुस्त केलं आणि त्याने ते ऐकून घेतलं. वही काढून लिहून घेतलं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये हे सुख मला वर्षाकाठी एखाद्या वेळी मिळतं.

पण खरी अडचण वेळेची होती. बैठक बुधवारी संध्याकाळी साडेसातला, अंबडच्या एका ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर. सुटायला साडेनऊ. घरी लहान मूल असलेली बाई तिथे का येईल? आणि अंबडहून त्या वेळी नाशिकरोडला परत जायचं म्हणजे द्वारका चौक पार करा, मग बोला. आम्ही दोघी-तिघींनी भांडून ती शनिवारी सकाळी दहाला आणली, तीही कॉलेज रोडवर. पुढच्याच वेळी आम्ही सात जणी होतो. एवढा फरक नुसतं घड्याळ हलवून.

---

लिनक्सकाका
शनिवार, सकाळी १०:१०

आमच्या काळची गोष्ट सांगू का? (नाही म्हणालात तरी सांगणारच आहे.)

२००२ च्या आसपासचं सांगतो. नाशिकमध्ये डायल-अप. फोनचं बिल बघून वडील रात्री जेवायचे नाहीत. लिनक्स डाउनलोड करायचा प्रश्नच नव्हता, मासिकाबरोबर सीडी यायची ती हातोहात फिरायची. ती सीडी ज्याच्याकडे असेल त्याच्या घरी संध्याकाळी पाच-सहा पोरं. हाच आमचा युजर ग्रुप. अध्यक्ष नाही, सेक्रेटरी नाही, मित्राची आई दर वेळी पोहे करायची.

एका रविवारी मी माझा सीपीयू चादरीत गुंडाळून एम-८० वर मांडीत धरून पंचवटीतून कॅनडा कॉर्नरला नेला होता. मागे मी, पुढे भाऊ. लिनक्स बसला, स्क्रीन आली, सगळं झालं, पण मोडेम काही केल्या बोलेना. तेव्हाचे स्वस्त अंतर्गत मोडेम म्हणजे 'विनमोडेम'. अर्धं काम कार्ड करायचं आणि अर्धं विंडोजचा ड्रायव्हर. लिनक्समध्ये तो ड्रायव्हरच नाही, त्यामुळे कार्ड म्हणजे नुसता पत्रा. दोन रात्री मी त्यात घालवल्या होत्या. तिथल्या एका मुलाने कार्डावरच्या चिपचा नंबर वाचला आणि म्हणाला, "हे सोड, सिरीयल पोर्टचा बाहेरचा मोडेम घे." दहा सेकंद लागले त्याला.

पुण्याला पीएलयूजीच्या, म्हणजे पुणे लिनक्स युजर्स ग्रुपच्या बैठकीलाही एसटीने जाऊन आलोय. सकाळी ठक्कर बाजारवरून निघायचं, रात्री परत. तिथे ऐकलेलं निम्मं विसरलो. तिथली माणसं नाही विसरलो.

आणि ही युजर ग्रुपची कल्पना काही आजकालची नाही. आयबीएमचे मोठे संगणक वापरणाऱ्यांनी १९५५ मध्ये लॉस एंजेलिसला 'शेअर' नावाचा गट काढला. तेव्हा मशीनबरोबर आजच्यासारखं तयार सॉफ्टवेअर येत नव्हतं, प्रत्येक कंपनी तेच तेच प्रोग्राम नव्याने लिहीत बसायची. म्हणून एकमेकांचे वापरायला लागले. आणि हौशी संगणकवाल्यांच्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कमधल्या एका गॅरेजमध्ये झाली. त्यात पुढे ॲपल काढणाऱ्यांपैकी एक, स्टीव्ह वॉझनियाक होता. ॲपल-१ या संगणकाची कल्पना त्या बैठकीतून आली असं तो स्वतः सांगतो.

---

सेमीकोलन
शनिवार, सकाळी १०:१८

काका, नाशिकच्या गॅरेजमध्ये ॲक्टिव्हा, द्राक्षाचे रिकामे क्रेट आणि गेल्या वर्षीचा गणपतीचा मखर असतो. वॉझनियाकला उभं राहायला जागा कुठे?

---

पोर्ट_८०८०
शनिवार, सकाळी ११:०२

काका, आदर आहे, पण हा लॉटरी जिंकलेल्याचा फोटो झाला. त्या गॅरेजमध्ये गेलेल्या बाकीच्यांचं काय झालं ते कोणी सांगत नाही.

आणि त्याच होमब्रूची दुसरी गोष्टही सांगा की. अल्टेअर या तेव्हाच्या संगणकासाठी बिल गेट्सच्या कंपनीने केलेलं बेसिक (प्रोग्रॅमिंगची भाषा) कागदी पट्टीवर होतं, क्लबातल्या लोकांनी त्या पट्टीच्या कॉप्या काढून वाटल्या. त्यावर बिल गेट्सने फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी लोकांना उघडं पत्र लिहिलं की तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता. म्हणजे मीटअपने जगाला ॲपल दिलं तसं पायरसीचं भांडणही दिलं. :)

---

लिनक्सकाका
शनिवार, सकाळी ११:२५

दिलं ना! आणि त्या भांडणावर आमच्यासारख्यांनी पुढची पंचवीस वर्षं वाद घातला. भांडायला तरी चार माणसं एकत्र यावी लागतात, पोर्टराव. आत्ताही तेच चाललंय.

---

अंबडकर
शनिवार, दुपारी १२:४०

एक विचारू का? 'डेव्हलपर' म्हणजे फक्त वेबसाइटवाले का?

मी अंबडला एका कारखान्यात पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा संगणक, त्याचं प्रोग्रॅमिंग करतो. लॅडर ही त्याची भाषा लिहितो. चौदा वर्षं. माझा प्रोग्राम चुकला तर पेज पुन्हा लोड करून भागत नाही, प्रेसखाली हात असतो. सातपूर-अंबड मिळून माझ्यासारखे किती तरी आहेत, पण अशा बैठकांचं पोस्टर बघून आम्हाला कधी वाटत नाही की हे आपल्यासाठी आहे.

मी चुकून गेलो होतो एकदा, भाच्याला सोडायला. बाहेर पाऊस म्हणून आत बसलो. भाषण कळलं नाही. चहाला एका पोराने विचारलं काय करता. मी म्हटलं मशीनवरून मॉडबसने रीडिंग घेतो. त्याने मॉडबस (मशीनं एकमेकांशी बोलतात ती पद्धत) हे नाव ऐकलं नव्हतं. मी म्हटलं अरे, १९७९ पासून आहे, तुझ्या वयापेक्षा जुना प्रोटोकॉल, तू जो पंखा वापरतोस तो ज्या कारखान्यात बनला तिथेही चालत असेल. तो म्हणाला मग तुमचे प्रोग्राम गिटमध्ये ठेवता का? मी म्हटलं गिट म्हणजे?

माझी पद्धत अशी होती: लाइन३_फायनल, लाइन३_फायनल_नवीन, लाइन३_फायनल_खरा. एकदा रात्रपाळीला मशीन बंद पडलं तेव्हा 'फायनल_खरा' आणि 'फायनल_नवीन' यातला खरा कुठला हे शोधण्यात पहाट झाली होती.

त्या पोराने तिथल्या तिथे लॅपटॉपवर मला गिट दाखवलं, फाइलच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं ते. माझ्या पीएलसीच्या फाइल्स बायनरी, म्हणजे साधा मजकूर नव्हेत, त्यामुळे ओळीओळीतला फरक दिसत नाही, हे आम्ही दोघांनी मिळून शोधलं. पण कोणी कधी का बदल केला एवढं लिहून राहतं, ते मला पुरे. मी त्याला त्याबदल्यात एक जुना पीएलसी खेळायला दिला. त्याच्या आईचा फोन आला होता की हे घरात काय टकटक वाजतंय.

---

मिसळखाऊ
शनिवार, दुपारी १२:४८

फायनल_खरा_आईशप्पथ_२

---

दुसऱ्या_वर्षाचा
शनिवार, दुपारी १:१५

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खरं सांगतो, आम्ही टी-शर्टसाठी जातो. आत्तापर्यंत माझ्याकडे पाच झाले. एक पप्पा घालतात, त्यावर 'कुबरनेटिस' लिहिलंय, सोसायटीत लोक त्यांना नवीन औषध आहे का विचारतात.

पण प्रश्न सिरीयस आहे. विद्यार्थी आले की मोठ्या लोकांना कटकट वाटते का? मागच्या वेळी मी प्रश्न विचारला तर एक जण म्हणाला 'हे गूगल कर'. त्यानंतर मी मागेच बसतो.

---

गोदाकाठची
शनिवार, दुपारी १:२२

अरे, पुढे बस. 'गूगल कर' म्हणणाऱ्याला उत्तर येत नव्हतं.

---

खुर्च्या_मोजणारा
शनिवार, दुपारी २:०५

इतका वेळ गप्प होतो कारण मी नाशिकमध्ये असाच एक छोटा गट चालवतो (शून्यराव ज्याबद्दल विचारतायत तो नव्हे). आता आयोजकाची बाजू ऐका.

'येतो' म्हणणारे ऐंशी. येणारे सत्तावीस. समोसे किती सांगायचे? ऐंशी सांगितले तर त्रेपन्न समोसे घरी. आमच्या हिने एकदा मला विचारलं होतं की हा संगणकाचा ग्रुप आहे की फरसाणाचा. आता मी येतो म्हणणाऱ्यांना तीनाने भागतो आणि वर पाच धरतो. पाऊस असेल तर चाराने.

जागेचं म्हणाल तर तीन पर्याय. हॉटेलचा हॉल, परवडत नाही. कंपनीचं ऑफिस, फुकट, पण शनिवारी वॉचमन आत सोडत नाही आणि एसी वरून बंद. कॉलेज, फुकट आणि प्रोजेक्टरसकट, पण मग हॉल भरलेला दिसला पाहिजे म्हणून पहिल्या वर्षाची दीडशे मुलं हजेरीच्या बोलीवर आणून बसवतात. दीपप्रज्वलन, सरस्वतीपूजन, शाल, नारळ, मान्यवरांचे दोन शब्द. एकदा हे दोन शब्द पन्नास मिनिटं चालले. बंगळुरूहून आलेल्या वक्त्याला भाषणाला अठरा मिनिटं उरली. त्याने नारळ मात्र जपून नेला.

वेबसाइटवरून नोंदणी घ्यायची तर त्या मीटअपच्या साइटला आयोजकालाच पैसे भरावे लागतात. आम्ही ते बंद करून साधा व्हॉट्सॲप ग्रुप केला. त्यात आता सुप्रभात येतं.

आणि तरी सांगतो, आमची सगळ्यात चांगली बैठक जुलैत झाली होती. बाहेर धो धो पाऊस, गंगापूर धरणातून पाणी सोडलं, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं म्हणून अर्धं गाव पूर बघायला घाटावर. आमच्याकडे नऊ जण. वक्ताच आला नाही. मग खुर्च्या गोल लावल्या आणि प्रत्येकाने 'या महिन्यात माझं काय फुटलं' एवढंच सांगायचं ठरलं. अडीच तास कोणी उठलं नाही. तेव्हापासून दर वेळी शेवटचा अर्धा तास तेच करतो. स्लाइड नाही, रेकॉर्डिंग नाही. रेकॉर्डिंग असलं की कोणी खरं सांगत नाही.

---

पोर्ट_८०८०
शनिवार, दुपारी २:३०

हे 'काय फुटलं' आवडलं. याला मी आलो असतो.

---

सह्याद्री_३२
शनिवार, दुपारी २:५१

अवांतर: या बैठकांत इंग्रजी का झाडतात? सगळे नाशिकचे, आडनावं सगळी आपली, स्टेजवर गेलं की 'सो गाईज'. खाली उतरलं की 'चल रे, टपरीवर'.

---

सेमीकोलन
शनिवार, दुपारी ३:०४

आता 'सो गाईज'ला मराठी काय म्हणायचं, 'तर गड्यांनो'? तांत्रिक शब्द इंग्रजीच राहणार. 'थ्रेड अडकला' म्हटलं की कळतं, 'धागा अडकला' म्हटलं तर लोक सुई शोधतील.

---

लिनक्सकाका
शनिवार, दुपारी ३:२०

शब्द इंग्रजी राहू देत, वाक्य मराठी बोला. ज्या गावात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावर १९२२ पासून वसंत व्याख्यानमाला चालते, मे महिन्याच्या उकाड्यात लोक संध्याकाळी येऊन अर्थशास्त्रापासून आरोग्यापर्यंत काहीही ऐकतात, त्या गावाला मराठीत कॅशिंग समजणार नाही? समजावणाऱ्याला स्वतःला समजलेलं पाहिजे, एवढंच. इंग्रजीच्या आड ते लपवता येतं.

---

बेदाणा
शनिवार, दुपारी ३:५८

भाषेवरून आठवलं. लांबण लावतो, पण धाग्याच्या मूळ प्रश्नालाही उत्तर आहे.

आम्ही चार जण मिळून शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी छोटं सॉफ्टवेअर करतो. माल केंद्रावर पोचला की शेतकऱ्याला मराठीत एसएमएस जातो. स्मार्टफोन सगळ्यांकडे असतो असं नाही, म्हणून एसएमएसच. दर महिन्याचं बिल ठरलेलं. मग त्र्यंबकेश्वरचं केंद्र जोडलं आणि त्या केंद्राचं बिल मेसेजच्या संख्येच्या बरोबर दुप्पट यायला लागलं. पुरवठादाराशी दोन आठवडे भांडलो. तो म्हणे आमचं बरोबर आहे. मेसेज तोच, फक्त केंद्राचं नाव बदललेलं. लासलगावला एक मोजतात, त्र्यंबकेश्वरला दोन. देवस्थानाचा अधिभार आहे का, असंही आमच्यातला एक जण म्हणाला.

हे मी अशाच एका बैठकीत चहा पिताना रडत होतो. शेजारी एक शांत मुलगी बसली होती, तिने पेपर नॅपकिनवर दोन्ही नावं लिहिली आणि विचारलं, किती अक्षरं? मी म्हटलं, ला-स-ल-गा-व, पाच. त्र्यं-ब-के-श्व-र, तीही पाच. ती म्हणाली, आता संगणकासारखं मोज. काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरातला प्रत्येक हलन्त वेगळा. लासलगाव सात. त्र्यंबकेश्वर तेरा!

साधा इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा. पण त्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं की अख्खा मेसेज युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा होते ७०. त्यापुढे गेला की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात, कारण जोडणीची माहिती ठेवायला जागा लागते. आमचा उरलेला मजकूर होता ५८. अधिक सात, पासष्ट, एक मेसेज. अधिक तेरा, एकाहत्तर, दोन मेसेज. एका अक्षराने.

मजकुरातून 'आपला' हा शब्द काढला. बिल अर्धं.

ती पुढे म्हणाली, ॲपमध्ये नावं कापून दाखवता ना, तेही बघा. बघितलं. पहिली चार 'अक्षरं' घ्यायचा कोड होता, यादीत 'त्र्' एवढंच दिसत होतं, पाय मोडलेलं. शब्द कुठे तोडायचा याचे युनिकोडचे नियम असतात, आणि देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम त्यात १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. म्हणजे जुन्या लायब्ररीवर विसंबलात तर अजूनही 'त्र्यं'चे तुकडे होतील. हे तिला कसं माहीत? तिचं स्वतःचं नाव लग्नपत्रिकेच्या वेबसाइटवर अर्धं छापून आलं होतं.

---

पोर्ट_८०८०
शनिवार, दुपारी ४:१०

मस्त किस्सा. पण एसएमएसची ७० ची मर्यादा इंटरनेटवर शंभर ठिकाणी लिहिलेली आहे. त्यासाठी बैठक कशाला?

---

बेदाणा
शनिवार, दुपारी ४:१६

लिहिलेली आहे. पण मी शोधत होतो 'एसएमएस पुरवठादार जास्त बिल लावतो तक्रार कुठे करावी'.

---

गोदाकाठची
शनिवार, दुपारी ४:१९

हाहापुवा (हसून हसून पुरेवाट).

---

सह्याद्री_३२
शनिवार, संध्याकाळी ५:३०

मोठ्या कार्यक्रमांबद्दल कोणी बोललंच नाही. २०१५ च्या सिंहस्थाच्या आधी कुंभथॉन झालं होतं, कुंभमेळ्यातल्या अडचणींवर उपाय शोधायचा कार्यक्रम. एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर, मूळचे आपल्या नाशिकचेच, त्यात पुढे होते. गर्दी, आरोग्य, वाहतूक यावर पोरांनी काय काय बनवलं. नाशिकला वर्डकॅम्पही (वर्डप्रेसवाल्यांचं संमेलन) झालाय. असं काही पुन्हा व्हायला पाहिजे, पुढचा सिंहस्थ आलाच.

---

खुर्च्या_मोजणारा
शनिवार, संध्याकाळी ६:०२

व्हावंच. पण सह्याद्रीभाऊ, सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, गोदेची आरती रोज लागते. मोठ्या कार्यक्रमाला प्रायोजक मिळतो, मासिक बैठकीच्या एचडीएमआय केबलला कोणी मिळत नाही. आणि ती केबल दर वेळी हरवते. कोणाकडे असेल तर परत करा, विचारणार नाही कुठून आली.

---

मिसळखाऊ
शनिवार, संध्याकाळी ६:१५

बैठक सकाळी नऊला मिसळीच्या ठिकाणीच का ठेवत नाही? प्रोजेक्टर नको, हॉल नको, येतो म्हणणारे सगळे येतील.

---

सेमीकोलन
शनिवार, संध्याकाळी ६:२१

कुठली मिसळ? विचार करून लिहा, हा धागा तीनशे प्रतिसादांवर जाईल.

---

मिसळखाऊ
शनिवार, संध्याकाळी ६:२३

काळ्या मसाल्याची.

---

अंबडकर
शनिवार, संध्याकाळी ६:२४

पापड वेगळा घ्यावा लागतो तिथली की बरोबर येतो तिथली?

*(यानंतरचे मिसळीवरचे एकोणीस प्रतिसाद 'खाऊगल्ली' विभागात हलवले आहेत. संपादक)*

---

शून्यापासून_मोजणारा
रविवार, सकाळी ११:४५

धागालेखक परत आलाय. गेलो होतो काल.

आधी तक्रारी. चारची बैठक चार पस्तीसला सुरू झाली. माणसं चौदा. प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडेना (केबल होती, पण वक्त्याच्या लॅपटॉपला ते भोकच नव्हतं). पहिलं भाषण पोर्ट म्हणतात तसंच, 'एआय वापरून कोड कसा लिहावा', अर्धा तास, नवीन काही नाही, आणि शेवटी हायरिंगची स्लाइड होतीच. मी दोनदा घड्याळ बघितलं. दुसरं भाषण एका मुलाने फळ्यावर खडूने केलं कारण प्रोजेक्टर नव्हता. डेटाबेसमधल्या लॉकवर. ते खरंच चांगलं झालं. फळ्यावर लिहिताना माणसाला हळू बोलावं लागतं. दीडपट वेगाची आठवणही आली नाही.

मग खाली टपरीवर चहा. माझ्या शेजारी एक गृहस्थ उभे होते, शर्टाच्या खिशात टेस्टर. मी म्हटलं, "तुम्ही अंबडकर का?" ते म्हणाले, "तुम्ही शून्य?" दुपारी इथे लिहिणारे संध्याकाळी तिथे हजर! भाच्याला सोडायला आलो होतो म्हणाले.

त्यांना माझ्या रिपोर्टचं रडगाणं सांगितलं. चाकणच्या एका कारखान्याचा रोजच्या उत्पादनाचा रिपोर्ट. आकडे त्यांच्या रजिस्टरशी जुळत नाहीत. मी शोधलं होतं की सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर आहे, आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाचचा माल आदल्या तारखेला पडतो. ते दुरुस्त केलं, भारतीय वेळ लावली. मोठ्या ऐटीत कळवलं. तरी जुळेना! उलट आधीपेक्षा जास्त चुकायला लागलं. तीन आठवडे मी तारखांच्या फंक्शन्सना शिव्या घालतोय.

अंबडकरांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "तुमच्या रिपोर्टचा दिवस किती वाजता सुरू होतो?"

मी म्हटलं, "किती वाजता म्हणजे? रात्री बाराला."

"कारखान्याचा दिवस सकाळी सातला सुरू होतो. पहिल्या पाळीला. तिसरी पाळी रात्री अकरा ते सकाळी सात, ती सगळी आदल्या दिवसाच्या खात्यात. रजिस्टरला सुपरवायझर तसंच लिहितो. तुमची चूक होती तेव्हा पहाटे साडेपाचपर्यंतचा माल आदल्या दिवसात पडत होता ना? ती चूक जवळजवळ बरोबर होती."

मी कप हातात घेऊन तसाच उभा. तीन आठवडे, साहेब. आमच्या टीममध्ये सहा जण आहेत, एकानेही कधी पाळीत काम केलेलं नाही. ग्राहकाच्या कागदपत्रात हे लिहिलेलं नाही, कारण त्यांना ते लिहिण्यासारखं वाटलंच नाही. रात्री घरी येऊन दिवस सातला सुरू केला. मागच्या महिन्याचे तपासले तेवढे सगळे दिवस जुळले.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "माझे वडील सातपूरला तीस वर्षं तिसऱ्या पाळीत होते, मला विचारलं असतंस तर मीही सांगितलं असतं."

---

पोर्ट_८०८०
रविवार, दुपारी १२:०३

बरं, मान्य. यूट्यूबवर हे नसतं मिळालं. सासऱ्यांकडे मात्र मिळालं असतं.

---

अंबडकर
रविवार, दुपारी १२:३०

अहो शून्य, एवढं काही नाही. फक्त एक बघा, रविवारी काही ठिकाणी पाळी बदलते, तेव्हा सात ते सात धरून चालत नाही. सोमवारी आकडे तपासा.

---

शून्यापासून_मोजणारा
सोमवार, सकाळी १०:१४

तपासले. रविवार चुकलेत. सगळे.

बाय द वे, पुढच्या महिन्यात पाच मिनिटं बोलायला मला उभं करतायत. विषय: 'दिवस किती वाजता सुरू होतो'. अंबडकर, तुम्ही येताय ना?

---

अंबडकर
सोमवार, सकाळी १०:४०

भाच्याला सोडायला यावंच लागेल.

---

दुसऱ्या_वर्षाचा
सोमवार, सकाळी ११:०५

मामा, मी बसने येऊ शकतो.

---

मिसळखाऊ
सोमवार, सकाळी ११:०७

अजूनही कोणी सांगितलं नाही खायला काय होतं.

---

शून्यापासून_मोजणारा
सोमवार, सकाळी ११:१५

समोसे. गार. बारा उरले होते, माझ्याकडे आहेत.